बेटावरून बेटाकडे

लक्षद्वीपच्या 36 बेटांपैकी 10 बेटांवर वस्ती आहे आणि विमानतळ एकट्या अगत्तीवर. कवरत्तीच्या माणसाला मिनिकॉयला जायचं तर वाटेत नाइन डिग्री चॅनेल आडवा येतो, सुमारे 200 किलोमीटर रुंद, खोल आणि उघडा समुद्र. जहाज तिथे डोलू लागलं की नवखा प्रवासी आडवा होतो; बेटावरची माणसं मात्र डबा उघडून जेवायला बसतात.

खरी कसोटी उतरताना लागते. प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी उथळ, म्हणून मोठं जहाज बहुतेक ठिकाणी बाहेरच थांबतं. मग त्याच्या कुशीतलं दार उघडतं. खाली होडी. लाटेबरोबर ती दाराशी येते आणि क्षणात पुरुषभर खाली जाते. खलाशी दंड धरतात आणि होडी वर आली की नेमकं सोडतात. तान्ही मुलं हातोहात जातात. गुडघे धरलेल्या आजींनाही हाच रस्ता. त्या खलाशांचं कौतुक करावं तेवढं थोडंच!

पण सगळा भार त्यांच्या मनगटांवर का? पावसाळ्यात पश्चिमेची बाजू खवळते तेव्हा पूर्वेकडचा धक्काच कामी येतो, आणि तो काही बेटांवर झालाही आहे. पर्यटकांच्या तंबूंआधी वस्ती असलेल्या प्रत्येक बेटाला जहाज थेट लागेल असा धक्का मिळायला हवा, असं आम्हाला ठामपणे वाटतं. या अंकातले लेख त्याच मागणीसाठी आहेत.