‘ऑफिस टाइम’ लावताय? आधी पान पाहा, मग पाणी घाला

ज्या घरात उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही मोजून वापरावे लागते, तिथे गच्चीवरच्या कुंड्यांचा नंबर शेवटी लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांची हीच अडचण आहे. जिल्हा १४ तालुक्यांचा. पश्चिमेला अकोल्यात सह्याद्रीचा धो-धो पाऊस, तर पारनेर, पाथर्डी, कर्जतकडे पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा. अशा ठिकाणी कुंडीत पहिला मान ‘ऑफिस टाइम’ला, म्हणजेच चिनी गुलाबाला मिळायला हवा. नर्सरीत त्याला पोर्तुलाका म्हणतात. रोप स्वस्त, काटक आणि भर उन्हात फुलणारे. तरीही अनेक घरांत ते महिन्या-दोन महिन्यांत मरते. बहुतेक वेळा त्याला ऊन मारत नाही, आपण प्रेमाने रोज ओतलेले पाणी मारते.

नेमके कोणते रोप?

‘पोर्तुलाका’ या एकाच नावाखाली दोन वेगळी शोभेची रोपे विकली जातात. ओळख पानावरून पटते.

• पान सुईसारखे गोल, जाडसर आणि टोकदार असेल तर तो चिनी गुलाब. याचे मूळ दक्षिण अमेरिकेतले. फूल एकेरी किंवा गुलाबासारखे भरगच्च असते.

• पान चपटे, चमच्याच्या आकाराचे असेल तर ती शोभेची घोळ. फूल बहुधा पाच पाकळ्यांचे आणि मोठे.

• पान तसेच चपटे, पण फूल अगदी बारीक आणि पिवळे असेल तर ती आपली नेहमीची घोळ. शेतात तण, बाजारात भाजी.

• देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ते यांपैकी काहीच नाही. जमिनीलगत पसरणारी काही चिकाची तणे लांबून घोळीसारखी दिसतात. ती तोंडात घालू नका. घोळीचा रस पाण्यासारखा असतो, चीक कधीच नसतो.

पाणी कमी का लागते?

पान बोटांनी दाबून पाहा, उत्तर तिथेच आहे. ही रोपे पान आणि देठातच पाणी साठवतात. घोळीची आणखी एक युक्ती आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. घोळ मात्र पाण्याचा ताण पडला की हे काम रात्रीही करते. उन्हात वेगाने वाढण्याची आणि दुष्काळात तग धरण्याची अशा दोन्ही पद्धती तिच्या पानात एकत्र चालतात, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले. जे रोप स्वतःची तहान स्वतः सांभाळते, त्याला रोज तांब्याभर पाणी कशाला?

कुंडी कशी भराल?

आपल्याकडे घराजवळ मिळते ती बरेचदा काळी माती. ती पाणी धरून ठेवते, म्हणून ज्वारीला चांगली. या रोपाला नाही. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्या. कुंडी उथळ चालेल, पण तळाला भोके हवीतच. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळू द्या. सावलीत रोप जगेल, फुलणार नाही.

बोट मातीत दोन पेरे खुपसा. कोरडे लागले तरच पाणी घाला आणि तेही मुळाशी. मे महिन्यात लहान कुंडी लवकर सुकते, तेव्हा एक दिवसाआड पाहणी करा. युरियासारखे नत्राचे खत टाळा. त्याने पाला वाढतो, फुले घटतात. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या किंवा छज्जाच्या कडेला सरकवा, कारण साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात.

दुसरे रोप विकत घेण्याची तर गरजच नाही. तीन-चार इंचांची फांदी तोडा, खालची पाने काढा आणि ओलसर मातीत खोचा. आठवडा-दोन आठवड्यांत मुळे धरतात. शेजारणीकडून एक फांदी मागून आणली तरी वर्षभरात गच्चीचा कठडा भरतो.

भाजी म्हणून खावे का?

कुंडीतले नको. भाजीची घोळ वेगळी आणि नर्सरीतून आणलेले शोभेचे रोप वेगळे. त्यावर कोणती फवारणी झाली, हे आपल्याला ठाऊक नसते. खायची घोळ पौष्टिक आहेच, पण तिच्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच खावी. घरात लहान मुले आणि रानभाज्या ओळखणारी आजी दोघेही असतील, तर हा फरक दोघांनाही दाखवून ठेवा.

मग तक्रार कशाची?

या रोपाच्या मर्यादा आहेत. फूल एकाच दिवसाचे. सकाळी ऊन चढले की उमलते, दुपार कलली की मिटते. ढगाळ दिवशी उघडतही नाही. नाव ‘ऑफिस टाइम’ असले तरी कामावर गेलेल्या माणसाला ते रविवारीच भेटते. पण एका फुलामागे दुसरे तयारच असते आणि घरी असणाऱ्यांसाठी तो रोजचा सोहळा असतो.

खरी तक्रार विकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. काळ्या पिशवीत रोप मिळते, नाव मिळत नाही. ‘खायचे नाही, पाणी कमी, ऊन भरपूर’ एवढे सहा शब्द चिठ्ठीवर लिहायला कितीसा खर्च येतो? राहुरीला कृषी विद्यापीठ असलेल्या या जिल्ह्यात नर्सरीवाल्यांनी एवढे करावे, ही अपेक्षा जास्त नाही. आणि तोवर गिऱ्हाईक म्हणून आपण एक सवय लावून घेऊ शकतो: पैसे देण्याआधी पान हातात घेऊन विचारायचे, “हे नक्की कोणते?”