शेतावरची नोंद शेतावरच व्हावी, आणि ती कोरडी राहावी

मृग नक्षत्र जवळ आले की शेतकरी बियाण्याची उगवणशक्ती तपासून घेतो, बांधबंदिस्तीकडे लक्ष देतो, गोठ्याचे छप्पर शाकारून घेतो आणि औतफाटा दुरुस्त करून ठेवतो. ह्या साऱ्या तयारीत एका लहानशा वस्तूची आठवण मात्र सहसा कोणास होत नाही. ती वस्तू म्हणजे शेतावरची नोंदवही. पावसाळ्याचे चार महिने हा शेतीतील नोंदींचा खरा हंगाम होय. आणि कागदाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत वाईट दिवसही तेच. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, ह्याचा विचार वेळेवर न केल्यामुळे पुष्कळशी मोलाची माहिती दरवर्षी पाण्यात जाते. भिजून पुसलेली नोंद आणि मुळीच न केलेली नोंद ह्यांत परिणामाच्या दृष्टीने काहीच अंतर नसते.

नोंद म्हणजे केवळ कचेरीचे काम, अशी समजूत अनेकांची असते. ती चुकीची आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्यावे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ किंवा त्याहून अधिक नर पतंग सापडले, म्हणजे किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजून उपाय योजावयाचे असतात. येथे ‘सलग’ ह्या शब्दालाच सारे महत्त्व आहे. दुसऱ्या दिवशीचा आकडा पावसाने पुसला गेला तर उरलेल्या दोन आकड्यांवरून निर्णय करता येत नाही. मग एक तर गरज नसताना फवारणी होते आणि पैसा वाया जातो, किंवा गरज असताना ती राहून जाते आणि बोंडे हातची जातात. पर्जन्यमापकाचेही तसेच आहे. सकाळी साडेआठ वाजता मोजलेले पाणी ओतून दिले की त्या दिवसाच्या पावसाचा दुसरा पुरावा त्या ठिकाणी उरत नाही; उरतो तो वहीतील आकडा. तोच आकडा वाचता येईना, तर तो दिवस कायमचा हरवला.

मातीच्या नमुन्याची गोष्ट याहून बोलकी आहे. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे खड्डे घ्यावयाचे, साधारणपणे १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढावयाची, ती एकत्र करून चार भाग पाडीत अर्धा किलोपर्यंत आणावयाची, इतके कष्ट शेतकरी घेतो. पण पिशवीत टाकलेली चिठ्ठी ओलसर मातीने विरघळली आणि त्यावरील गट क्रमांक नाहीसा झाला, तर प्रयोगशाळेतील यंत्रे कितीही अचूक असोत, एकाच्या शेताचा अहवाल दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका उभा राहतो. हलक्या मुरमाड जमिनीच्या मालकाने भारी काळ्या जमिनीच्या शिफारशीप्रमाणे खत टाकावे, ह्याहून मोठा तोटा कोणता? पीक कापणी प्रयोगाच्या वेळी मळणीनंतर केलेली वजनाची नोंद तर साऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नात मिळते आणि त्या सरासरीवर विम्याच्या भरपाईचा हिशेब अवलंबून असतो. आंब्याच्या कलमाला बांधलेली चिठ्ठी गळून पडली तर झाड कोणत्या जातीचे, हे फळ धरेपर्यंत, म्हणजे काही वर्षे, कळत नाही. आणि कळते तेव्हा चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.

ह्यावर अनेक ठिकाणी एक सोपा मार्ग काढला जातो. शेतावर एखाद्या चिठोऱ्यावर, पाकिटाच्या पाठीवर, कधी तळहातावरही आकडे टिपून घ्यावयाचे आणि घरी किंवा कचेरीत आल्यावर सुवाच्य अक्षरात चांगल्या वहीत उतरवून काढावयाचे. वही नीटनेटकी दिसते, तपासणीस आलेले अधिकारी संतुष्ट होतात. परंतु हा मार्ग घातक आहे, असे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उतरवून काढताना आकडे इकडचे तिकडे होतात, चिठोरा हरवला तर अंदाजाने आकडा भरला जातो, आणि एकदा अंदाजाने आकडा भरण्याची सवय लागली की शेतावर जाण्याचीही गरज वाटेनाशी होते. चार महिन्यांची वही एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, चिखलाचा एकही ठिपका नसलेली अशी दिसली, तर तिचे कौतुक करण्याऐवजी ती शेतावर गेली होती काय, असाच प्रश्न विचारणे अधिक योग्य होय. मूळ नोंद शेतावरच झाली पाहिजे. आणि ती तेथे व्हावयाची असेल तर पावसात टिकणारे साधन कार्यकर्त्याच्या हाती असले पाहिजे.

साधे साधन निवडण्यासाठी प्रथम कागद का बिघडतो हे समजून घ्यावे. कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असतो आणि हे तंतू एकमेकांना धरून असतात. पाणी शिरले की त्यांची पकड सुटते. म्हणून कोरडा असताना चिवट वाटणारा कागद ओला झाला की बोटाच्या दाबानेही फाटतो. शाईची तऱ्हा आणखी निराळी. पाण्यात कालवलेल्या रंगाची शाई पाण्यातच पुन्हा पसरते. जेल पेनच्या अनेक शायांची गत हीच होते. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने चटकन पुसली जात नाही, परंतु ओलसर कागदावर ते पेन उमटतच नाही आणि त्याचे रंग उन्हात फिके पडतात. जाड टोकाच्या मार्करने लिहिलेल्या पाट्याही उन्हात दोन-तीन महिन्यांत अंधुक झालेल्या पुष्कळांनी पाहिल्या असतील.

ह्या सर्वांत साधी शिसपेन्सिल श्रेष्ठ ठरते. नावात शिसे असले तरी तिच्यात शिसे नसते. ग्राफाइट, म्हणजे कार्बनच असतो. तो पाण्यात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही आणि कागदाच्या तंतूंत जाऊन बसतो. जुन्या काळी बोरूने लिहिण्याची शाई काजळीपासून करीत, त्यातील काळा पदार्थही कार्बनच. ती अक्षरे शतके उलटली तरी काळी राहिलेली आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. लिहिलेले टिकले पाहिजे ही दृष्टी ह्या भूमीला नवी नाही. एच.बी. प्रतीची एक पेन्सिल वहीला दोऱ्याने बांधून ठेवावी व दोन्ही टोके तासून घ्यावी, म्हणजे एक मोडले तरी काम अडत नाही. वही जाड कागदाची, शिवलेली असावी. डिंकाने चिकटवलेली वही ओल लागताच पानापानांनी सुटते.

मातीच्या नमुन्यासाठी दोन चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहाव्या, एक पिशवीत ठेवावी व एक बाहेर बांधावी. माती सावलीत वाळवूनच पिशवीत भरावी. कलमांच्या व वाफ्यांच्या चिठ्ठ्यांना मेणाचा उपाय चांगला. आधी पेन्सिलीने लिहावे व नंतर चिठ्ठी पातळ केलेल्या मेणात बुडवून काढावी. कारण मेणावर पेन्सिल उमटत नाही. मेण थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, म्हणजे ते पेट घेणार नाही. अनेक वर्षे टिकावयाच्या नावासाठी ॲल्युमिनियमच्या मऊ पट्टीवर खिळ्याने किंवा रिकाम्या बॉलपेनने दाबून अक्षरे उठवावी. अशा पट्टीवर शाईच नसल्याने पुसले जाण्याचे भय नाही. पट्टीची तार मात्र फांदीला सैल बांधावी. फांदी जाड होत जाते आणि घट्ट तार तिला गळफास लावते.

वही कशात ठेवावी, हा पुढचा प्रश्न. प्लॅस्टिकची पातळ पिशवी हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत फसवा उपाय आहे. तिला बारीकसे छिद्र पडले की पाणी आत जाते आणि बाहेर मात्र येत नाही. वही त्या पिशवीत उकडल्यासारखी होते. त्यापेक्षा रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची आणि झाकणात रबरी वायसर असलेली बरणी चांगली. ती जमिनीवर न ठेवता खांबाला सावलीच्या बाजूस बांधावी, म्हणजे वाळवी व मुंग्यांपासूनही वही वाचते. कीटकनाशकाचा रिकामा डबा ह्या कामासाठी कधीही वापरू नये, तो कितीही धुतलेला असो.

एवढे करूनही काही ठिकाणी वही ओलसर लागते, आणि बरणी गळते असा ग्रह होतो. दोष पुष्कळदा बरणीचा नसतो. भर पावसात झाकण उघडले की दमट हवा आत कोंडली जाते, रात्री गारवा पडताच तीच हवा आतल्या बाजूस दव धरते. म्हणून झाकण लागेल तेवढेच उघडावे, ओल्या हाताने वही हाताळू नये आणि उघडीप मिळताच बरणी व वही वाऱ्यावर वाळवून मगच बंद करावी. आत सिलिका जेलची पुडी ठेवल्यास ती बरीच ओल शोषून घेते, मंद उष्णतेवर वाळवून ती पुन्हा वापरताही येते. निळ्या रंगाच्या दाण्यांत कोबाल्टचे विषारी लवण असते, तेव्हा ते दाणे लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत.

हे सारे घरगुती तर्क आहेत असे कोणी समजू नये. परदेशातील एका खेळातही हाच अनुभव आलेला आहे. उपग्रहांवरून ठिकाण दाखविणाऱ्या जी.पी.एस. यंत्रणेतील हेतुपूर्वक ठेवलेली चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एका हौशी गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, तीत इतर वस्तूंबरोबर वही व पेन्सिल ठेवली आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. शोधून काढणाऱ्याने वहीत नाव लिहावयाचे, असा तो खेळ. पुढे तो ‘जिओकॅशिंग’ ह्या नावाने जगभर पसरला. उघड्यावर वर्षानुवर्षे वही टिकविण्याचा प्रश्न ह्या खेळाडूंपुढेही आला. आणि त्यांतील जाणत्यांनी पिशव्या सोडून रबरी कडेची लष्करी दारूगोळ्याची रिकामी पेटी, चिवट जलरोधक कागद आणि पेन्सिल ह्यांचाच आश्रय घेतला. केवळ विरंगुळ्यासाठी एवढी दक्षता घेतली जात असेल, तर ज्या नोंदीवर हंगाम अवलंबून आहे तिच्यासाठी ती का घेऊ नये?

आता हातोहाती मोबाइल असताना कागदाचे एवढे स्तोम कशासाठी, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून होऊ लागली. छायाचित्र व ठिकाण ह्यांचा पुरावा कागदाला देता येत नाही, हेही खरे. परंतु धो धो पावसात ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा नीट दाद देत नाही, डोंगराआड रेंज नसते आणि विजेचा खोळंबा झाला की चार्जिंग संपते. म्हणून दोहोंत वैर मानू नये. शेतावर पेन्सिलीने लिहावे आणि त्याच पानाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. वही बुडाली तर छायाचित्र राहील, मोबाइल बिघडला तर वही राहील.

बियाण्याच्या पावतीबाबतही येथेच सावध करणे अगत्याचे आहे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे उष्णतेने उमटविलेली असतात आणि ऊन, उष्णता व प्लॅस्टिकचा संपर्क ह्यांनी ती पुसट होतात. बियाणे उगवले नाही व तालुका तक्रार निवारण समितीकडे जावे लागले, तर कोरा कागद काय उपयोगाचा? अशा पावतीची छायाप्रत त्याच आठवड्यात काढावी आणि पिशवी, लेबल व थोडे बियाणे ह्यांसह ती हंगाम संपेपर्यंत कोरड्या जागी ठेवावी.

शेवटी जबाबदारीचा प्रश्न उरतो. वही, पेन्सिल व बरणी ह्यांचा खर्च फवारणीच्या एका फेरीच्याही मानाने किरकोळ आहे. तो ग्रामस्तरीय कार्यकर्त्याच्या खिशावर न टाकता पावसाळ्यापूर्वी कचेरीनेच हे साहित्य पुरविणे इष्ट होय. तपासणी करणाऱ्यांनीही वहीच्या टापटिपीपेक्षा तिच्या खरेपणाला मान द्यावा. चिखलाच्या बोटांचा ठसा असलेल्या पानाबद्दल कार्यकर्त्याला बोल लावू नये. शेतकरी बंधूंनी आपापल्या शेताची एक वही घालून तीत पेरणीची तारीख, पाऊस, सापळ्यातील पतंग व फवारणी एवढे तरी टिपावे. हे पाच वर्षे सातत्याने झाले, तर त्या जमिनीविषयी त्या वहीइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. अट एवढीच की, पाचव्या वर्षी पहिल्या वर्षाचे पान वाचता आले पाहिजे.