रोपांवर वटाव द्यावा काय?

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांच्या दारांवर ‘दहा टक्के सूट’, ‘वीस टक्के सूट’ असे फलक झळकू लागतात. एकाने फलक लावला की शेजाऱ्यासही तो लावण्यावाचून गत्यंतर उरले नाही असे वाटते. गतवर्षी आमच्या घरातील तरुण मंडळींनी हाच आग्रह धरला, तेव्हा आम्ही त्यांस कागद-पेन्सिल घेऊन बसविले. तो हिशेब व्यापारी बंधूंपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

समजा, एक रोप वाहतूक, कुंडी, माती व मजुरी धरून ७० रुपयांस पडले आणि १०० रुपयांस विकले. नफा ३० रुपये. दहा टक्के वटाव दिला तर नफा २० वर येतो आणि पूर्वीइतकी प्राप्ती होण्यास दीडपट विक्री लागते. वीस टक्के दिला तर नफा १० आणि विक्री तिप्पट हवी! ज्याच्या अंगणात एकाच आंब्याची जागा आहे, तो भाव उतरला म्हणून तीन आंबे लावीत नाही. शिवाय जिवंत रोपांवर वस्तू व सेवा कर शून्य असल्यामुळे कुंड्यांवर आपण भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; तो खर्चातच मुरतो.

गोदावरीकाठच्या कडियम परिसरातून रोपांच्या गाड्या दूरदूरच्या शहरांत जातात. तेथील उत्पादकाशी केवळ भावात झुंजू पाहणारा किरकोळ विक्रेता हरणारच. त्याचे बळ अन्यत्र आहे. आंब्याचे कलम नेणाऱ्यास, ‘जोडाखालून फुटणारे धुमारे वेळीच खुडा, नाहीतर खालचे रायवळ झाड माजेल आणि वरचा हापूस मागे पडेल,’ हे सांगणारा जाणता माळी दुकानात असावा लागतो. वटावाची पहिली कुऱ्हाड पडते ती त्याच माळ्याच्या पगारावर. मग रोप स्वस्त मिळते, पण वर्षभरात मरते. आणि गिऱ्हाईक दोष देते ते दुकानाला.

वटाव मुळीच देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. कापडाचे ठाण फडताळात पडून राहिले तरी पाणी मागत नाही. रोप रोज मागते. हंगाम सरून मुळे कुंडीत वेटोळी घालू लागली, तर कारण स्पष्ट सांगून ते रोप कमी भावाने द्यावे. १९५० साली सुरू झालेल्या वनमहोत्सवाच्या निमित्ताने एखादी शाळा एकदम दोनशे रोपे नेते, तेव्हा मजुरी वाचते. त्या बचतीत शाळेचाही वाटा असावा. परंतु ऐन मृगात, निरोगी रोपावर, केवळ शेजाऱ्याने फलक लावला म्हणून दिलेला वटाव हा व्यापार नव्हे, भीती होय.

आम्ही फलक लावला नाही. काही गिऱ्हाइके गेली, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यांतील काही पुन्हा आली, ती वाळलेल्या रोपाची फांदी हाती घेऊन, काय चुकले ते विचारावयास. माळ्याने त्यांस जवळ बसवून समजावले. त्या सल्ल्याचे आम्ही काही घेतले नाही. मात्र नवे रोप त्यांनी पूर्ण भावाने नेले.