शिवराई उजळावी की जपावी?

वहीपूजनाचा दिवस जवळ आला की तिजोरीतील जुनी नाणी बाहेर निघतात. आजोबा-पणजोबांनी गल्ल्यातून बाजूला काढून ठेवलेल्या शिवराया, दुदांडी, कंपनी सरकारचे १८३५ सालचे पाव आणे, क्वचित एखादा भोकाचा पैसा असा हा ठेवा असतो. तो काळवंडलेला पाहून घरातील कोणीतरी मोठ्या उत्साहाने चिंच-मीठ घेऊन बसते. अलीकडच्या काळात त्याच्या जोडीला एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे : चिंच नको असेल तर ॲसिटोन, थिनर, स्पिरिट यांसारखी विद्रावके वापरली तर चालतील का?

उत्तर देण्यापूर्वी मळ कशाचा आहे, हे पाहावे लागते. शंभर-दोनशे वर्षांच्या तांब्यावर जो गडद तपकिरी थर दिसतो, तो मळ नव्हेच. तांबे आणि हवा यांच्या दीर्घ सहवासातून धातूच्या पृष्ठभागाचेच ते रूपांतर झालेले असते. चिंचेतील आम्ल हा थर विरघळवते आणि खालचे कोरे, गुलाबीसर तांबे उघडे पाडते. चार दिवस ते चमकते, मग डागाडागांनी पुन्हा काळवंडते. आणि ‘श्री राजा शिव’ या अक्षरांच्या कडा घासण्याने बोथट होतात त्या होतातच. जाणकार ग्राहक असे नाणे हातात घेताक्षणी ओळखतो आणि भाव पाडतो. राख, रांगोळी, भांड्यांची पावडर यांची कथा याहून निराळी नाही.

विद्रावकाचे कार्य मुळात वेगळे. शुद्ध ॲसिटोन तांब्याला किंवा त्या तपकिरी थराला खात नाही. वर बसलेले तेल, हातांचा चिकटपणा, चिकटपट्टीचा डिंक, कोणी हौसेने लावलेले वॉर्निश, एवढेच ते विरघळवते. हळदीचा पिवळेपणाही बराचसा निघतो. म्हणून योग्य कामासाठी ते सुरक्षित आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. परंतु ज्याला नाणे ‘उजळलेले’ हवे आहे, त्याची मात्र निराशा होईल. ॲसिटोनमधून काढलेले काळे नाणे काळेच राहते, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होय.

आपल्याकडे ॲसिटोनची खरी गरज पडते ती अल्बममुळे. बाजारात मिळणारे मऊ, उग्र वासाचे प्लॅस्टिकचे कप्पे बहुधा पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत त्यातून चिकट द्रव पाझरतो, नाण्यावर हिरवट बुळबुळीत पापुद्रा धरतो आणि तो आम्लधर्मी असल्याने धातू पोखरू लागतो. असा पापुद्रा दिसला तर विलंब करू नये.

त्यासाठी रसायनांच्या दुकानातील शुद्ध ॲसिटोनच आणावे. नखांचा रंग काढण्याच्या बाटलीत पाणी, सुगंध आणि तेल मिसळलेले असते. थिनर हे अनेक द्रव्यांचे मिश्रण. रॉकेल स्वतःच तेलकट अंश मागे ठेवते. भांडे काचेचे घ्यावे, कारण कित्येक प्लॅस्टिके ॲसिटोनमध्ये विरघळतात. नाणे काही मिनिटे बुडवून ठेवावे, मग दुसऱ्या वाटीतील ताज्या ॲसिटोनमध्ये खळबळावे आणि न पुसता वाळू द्यावे. घासणे सर्वथा वर्ज्य. खोलीत दिवा, उदबत्ती वा गॅस पेटता नको. ॲसिटोनची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ज्योतीलाही पोहोचते. खिडक्या उघड्या आणि मुले दूर, हे वेगळे सांगायला नको.

काही संग्राहक ॲसिटोनने तांब्यावर डाग पडल्याची तक्रार करतात. त्यामागचे एक कारण साधे आहे. ॲसिटोन झपाट्याने उडते, त्यामुळे नाणे एकदम थंड होते आणि दमट हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते. तांब्याला नडते ते हे पाणी. मुंबई-कोकणात श्रावणात हा उद्योग करू नये. कोरड्या हवेचा दिवस निवडावा. टांकसाळीची मूळ लाली टिकून असलेले नाणे मात्र अगदीच गरज नसेल तर बुडवूच नये. तेल लावून ठेवण्याची जुनी रीतही सोडावी, कारण खाद्यतेल कालांतराने चिकट व आम्लयुक्त होते.

स्वच्छ झालेले नाणे पुन्हा त्याच कप्प्यात गेले तर सारा खटाटोप व्यर्थ. पॉलिएस्टरचे पाकीट, डब्यात सिलिका जेलची पुडी आणि नाणे धरताना केवळ कडांना स्पर्श, एवढे पुरते; घामातील मीठ तांब्याचे वैरी आहे. पूजेत मांडायचे असेल तर पाकिटासह तबकात ठेवावे आणि कुंकवाचे बोट पाकिटालाच लावावे.

एक अवस्था मात्र ॲसिटोनच्या आवाक्याबाहेरची आहे. नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसत असेल आणि झटकल्यावर ती पुन्हा येत असेल, तर आतील क्लोराइड ओलावा मिळताच तांबे खात आहे असे समजावे. असे नाणे तत्काळ इतरांपासून वेगळे करून कोरड्या डबीत ठेवावे आणि संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. तेथे विचारणा करता येईल.