अर्ज परत येऊ नये म्हणून



ऐन सोयाबीनच्या सोंगणीत रिसोड तालुक्यातील एक बाप आपल्या मुलीला घेऊन आमच्या दारी आला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तो दोनदा तालुक्याला गेला होता आणि दोन्ही वेळा तसाच परतला होता. "भाऊ, दोन दिवसांची मजुरी बुडाली. कागद समदे हायेत, पण कंप्युटर काही घेऊनच नाही रायला जी," तो म्हणाला. मुलगी मान खाली घालून उभी होती. आपलीच काही चूक झाली असे तिला वाटत होते.

आम्ही कागद पाहिले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सारे ठीक होते. अडले होते ते एवढेच, की दाखल्याचा मोबाईलवर काढलेला फोटो चार एमबीचा होता आणि अर्जाच्या पानावर मर्यादा काही केबींची लिहिलेली होती. एक एमबी म्हणजे १०२४ केबी. पायलीचे धान्य चिपट्यात ओतण्यातला हा प्रकार. मुलीची पात्रता होती, हक्क होता, कागद होता. फक्त फाईल जड होती.

बंधू-भगिनींनो, हे एका घरचे दुखणे नाही. पूर्वी अर्ज खिडकीवर द्यावा लागे. बाबू रागावला तरी चूक कोठे झाली ते सांगे. संगणक रागावत नाही, पण समजावूनही सांगत नाही. तेव्हा या विद्येची चार अक्षरे आपण घरीच शिकून घेतली पाहिजेत.

फाईल जड का होते?

ए-फोर आकाराचा कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. स्कॅनरवर ३०० डीपीआय ठेवले की त्या कागदाचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे दाबून बसवण्याआधी २ कोटी ६० लाख बाइट झाले. तोच कागद १५० डीपीआयवर आणि करड्या रंगात, म्हणजे 'ग्रेस्केल'मध्ये घेतला, तर ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात आणि प्रत्येकाला एकच बाइट पुरतो. सारे मिळून ओझे बाराव्या हिश्श्यावर येते. पुढे जेपीजी प्रकारात जतन केले की ते आणखी उतरते. याउलट नुसत्या मजकुराचे पान वर्डमध्ये फार तर पंधरा-वीस केबीचे भरते. वजन अक्षरांचे नसते, चित्रांचे असते.

पुष्कळजण फोटो वर्डच्या पानावर टाकतात आणि कोपरा धरून बोटाएवढा करतात. डोळ्यांना तो लहान दिसतो, पण बऱ्याचदा आतला भार तसाच राहतो. कडा कापल्या, म्हणजे 'क्रॉप' केल्या, तरी कापलेला भाग फाईलमध्ये दडून असतो. त्यासाठी चित्रावर क्लिक करून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' निवडावे, कापलेला भाग काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करावी आणि १५० ठेवावे. शेवटी पीडीएफ करताना 'मिनिमम साइज' हा पर्याय घ्यावा.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. फाईल इतकीही लहान करू नये की दाखल्याचा क्रमांक आणि शिक्का वाचता येणार नाही. काही ठिकाणी कमीत कमी किती केबी हवेत तेही लिहिलेले असते. मूळ स्कॅन वेगळे जपून ठेवावे आणि लहान प्रत त्यावरून करावी. त्या मुलीचे काम आम्ही अर्ध्या तासात केले. अर्ज गेला. पण बापाची दोन दिवसांची मजुरी कोण भरून देणार?

आमची स्वतःची चूक

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही मराठी टायपिंग शिकलो ते यंत्रावर. बोटांना तीच सवय, म्हणून संगणकावरही जुन्या धाटणीच्या फॉन्टात लिहीत राहिलो. एकदा जयंतीच्या कार्यक्रमाचा अर्ज तसाच एका कार्यालयाला ई-मेलने धाडला. तिकडे तो उघडला तेव्हा मराठीचा मागमूस नाही, नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! अर्ज वेळेत पोहोचूनही न पोहोचल्यासारखा झाला.

याचे कारण असे की कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत संगणक आत इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि त्यांच्या अंगावर फक्त मराठीचा अंगरखा चढवतो. समोरच्या संगणकात तो अंगरखा नसला की आतले उघडे पडते. युनिकोडचे तसे नाही. १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत देवनागरीच्या 'क'ला, 'म'ला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे. जगातल्या कोणत्याही संगणकावर 'क' हा 'क'च राहतो. मंगल, निर्मला हे फॉन्ट युनिकोडचे आहेत. जुन्या टायपिंगवाल्यांनी घाबरू नये. रेमिंग्टनची कळांची मांडणी ठेवूनही युनिकोडमध्ये लिहिता येते. आम्ही वळलो, महिनाभर बोटे अडखळली, मग जमले.

कोरा नमुना करून ठेवा

तिसरी गोष्ट साच्याची, ज्याला वर्डमध्ये 'टेम्पलेट' म्हणतात. आपल्या विहार समित्यांत काय होते? गेल्या वर्षीचा अर्ज उघडायचा, तारीख बदलायची आणि छापायचा. एकदा आम्ही असाच एका विद्यार्थ्याचा अर्ज दुसऱ्यासाठी केला. वर नाव नवे, खाली सहीपाशी जुन्याचेच! सही करताना मुलाच्या लक्षात आले म्हणून निभावले.

त्यापेक्षा नाव, पत्ता, दिनांक या जागा कोऱ्या ठेवून एक चांगला नमुना करावा आणि तो जतन करताना 'वर्ड टेम्पलेट' हा प्रकार निवडावा. मग त्यावर दोनदा क्लिक केले की दरवेळी नवी प्रत उघडते, मूळ नमुना शाबूत राहतो. नमुना करताना मजकूर सरकवायला स्पेसबार दाबत बसू नये, टॅब वापरावा. नवे पान हवे तर एंटर वीसदा मारू नये. कंट्रोल आणि एंटर एकदम दाबावे. स्पेसबारने रचलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की विषय एकीकडे आणि सही दुसऱ्या पानावर जाते. मथळ्याला 'स्टाइल' लावून ठेवली की एका ठिकाणी बदल केला तरी सगळीकडे बदलतो. वर्ड विकत घेण्याची ऐपत नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळते; त्यातही हे सारे होते.

प्रत्येक विहारात निदान पाच नमुने असावेत: मिरवणूक व ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज, ग्रामपंचायतीस द्यावयाचा अर्ज, सभेचे इतिवृत्त, बौद्ध पद्धतीच्या विवाहाची पत्रिका आणि विद्यार्थ्याचा साधा विनंती अर्ज. शासनाने ठरवून दिलेले शपथपत्राचे नमुने मात्र जसेच्या तसे वापरावेत, त्यात आपली भर घालू नये.

आपल्या जिल्ह्यापुरती एक खास सूचना. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. म्हणून आजच्या अर्जात 'जिल्हा वाशिम' लिहावे. पण जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. आजोबा-पणजोबांच्या त्या कागदांवर जिल्हा अकोला आणि जात महार असेच लिहिलेले असणार. त्याची माहिती टाईप करताना नमुन्याच्या नादात 'वाशिम' किंवा 'बौद्ध' असे सुधारून लिहू नका. मुळात आहे तसेच उतरवा. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी किती वर्षे झगडावे लागले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. एवढ्या कष्टाने मिळालेला हक्क एका चुकीच्या शब्दाने अडकू देऊ नका.

बाबासाहेबांचे शेवटच्या काळातले हस्तलिखित नानकचंद रत्तू यंत्रावर टंकलिखित करीत. दिवसभर सरकारी नोकरी करायची आणि मग बाबासाहेबांकडे येऊन टायपिंगला बसायचे, असा त्यांचा क्रम होता. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे लिहिणाऱ्याच्या बुद्धीबरोबर टंकणाऱ्या हातांचेही श्रम होते. टायपिंगचे काम हलके नाही, हे आपल्या मुला-मुलींना सांगा.

आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक संगणक मांडा. नसेल तर ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे चार मुले, चार मुली बसवा. एकीने स्कॅन करावे, दुसऱ्याने लहान करावे, तिसरीने नमुना भरावा. आयाबायांनाही जवळ बसवा, कारण कागदांची पिशवी घरात त्याच सांभाळतात. गावात अशी दोन मुले तयार झाली, तरी पुढच्या सोंगणीत कोणा बापाची मजुरी बुडणार नाही.

रिसोडची ती मुलगी परवा फोनवर म्हणाली, "काका, मैत्रिणीचा अर्ज मीच भरून दिला." आम्हाला फार समाधान वाटले.

जयभीम!