भूजल प्रदूषणाची मॉडेले : जुळणी म्हणजे पुरावा नव्हे

भूजलात मिसळलेला दूषक किती वर्षांत कुठवर पोहोचेल, याचे उत्तर आज संगणकीय मॉडेलवरून दिले जाते. मॉडेलचे आकडे विहिरींच्या जुन्या नोंदींशी जुळले की पुढच्या पन्नास वर्षांचे भाकीतही खरे मानावे, असा आग्रह धरला जातो. तो टिकणारा नाही. खडकाची पारगम्यता, सच्छिद्रता, अधिशोषणाचा गुणांक यांत थोडाफार फेरफार करून त्याच मूठभर नोंदींशी जुळणारी अनेक मॉडेले उभी करता येतात. मागचे सांगताना त्यांचे एकमत असते, पुढचे सांगताना फाटाफूट होते. भूजल मॉडेले प्रमाणित करताच येत नाहीत, असे भूजलतज्ज्ञ कोनिको आणि ब्रेडहॉफ्ट यांनी १९९२ मध्येच ठणकावून सांगितले होते.

याहून गंभीर दोष अमेरिकेतील नेवाडा चाचणी क्षेत्रात उघड झाला. तेथे डिसेंबर १९६८ मध्ये ‘बेनहॅम’ हा भूमिगत अणुस्फोट झाला. प्लुटोनियम खडकाला घट्ट चिकटते आणि जागचे फारसे हलत नाही, अशी समजूत होती. मात्र स्फोटाच्या जागेपासून १.३ किलोमीटरवरील विहिरींच्या पाण्यात ते सापडल्याचे १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. समस्थानिकांचे प्रमाण बेनहॅमशी जुळल्याने उगमाविषयी शंका राहिली नाही. प्लुटोनियम चिकटले होते खरे, पण पाण्याबरोबर वाहणाऱ्या चिकणमाती व झिओलाइटच्या अतिसूक्ष्म कणांना! खडक स्थिर आणि पाणी वाहते, एवढेच धरून चालणाऱ्या समीकरणात या फिरत्या कणांना जागाच नव्हती. वगळलेली प्रक्रिया वेगवान संगणक किंवा मॉडेलची अधिक बारीक जाळी वापरून परत येत नाही.

असे काही वगळले जाण्याचा धोका आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा आहे. येथे पाणी मुख्यतः मुरमातून, भेगांतून आणि सांध्यांतून वाहते. वाळूच्या एकजिनसी थरासाठी योग्य असलेली सरासरी येथे लावली, तर दूषक भेगेतून लवकर पोहोचतो हेही निसटते आणि लगतच्या सच्छिद्र खडकात मुरून तो दीर्घकाळ पाझरत राहतो हेही.

म्हणून मॉडेल फेकून द्यावे, हा दुसरा टोकाचा पक्षही चूकच. कोणती गृहीतके एकमेकांशी विसंगत आहेत, हे मॉडेलच दाखवते. दोन मॉडेलांची उत्तरे जिथे सर्वाधिक वेगळी येतात, तीच निरीक्षण विहीर खोदण्याची जागा. प्रकल्पांना परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी एकच आकडा सांगणारा अहवाल परत पाठवावा. भाकिताची खालची व वरची मर्यादा, वगळलेल्या प्रक्रिया आणि फेरतपासणीची मुदत त्यात लिहून मागावी.