फुकटचा वकील

सनद हाती आलेल्या तरुणाला पहिली दोन-तीन वर्षे ज्येष्ठांच्या कार्यालयात बहुधा तारखा घेण्याचे आणि फायली वाहण्याचेच काम असते. घरात वकिलीची परंपरा नसेल, तर स्वतःचा पक्षकार येणार कोठून? विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव लागले की तो मिळतो. हा पक्षकार पुष्कळदा कच्चा कैदी असतो. जामीन अर्ज कसा मांडावा, तपासी अंमलदाराची उलटतपासणी कोठे थांबवावी, हे सारे तरुण वकील त्याच्या खटल्यावर शिकतो. पुढे नाव होते. मोटार अपघाताचे दावे, बँकांची कामे, बिल्डरांचे करारनामे दारी येतात. मग यादीतून नाव निघते. बाररूममध्ये याला बस्तान बसणे म्हणतात.

त्याला आपमतलबी ठरवणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. मानधन तुटपुंजे आणि तेही उशिरा, ही तक्रार कोणत्याही जिल्हा न्यायालयात ऐकू येते. त्यागावर एखादे आयुष्य चालेल, व्यवस्था चालत नाही. मात्र त्याच्या जाण्याची किंमत तिसराच कोणी मोजतो. नवा वकील फाईल वाचायला मुदत मागतो. ती त्याला मिळतेही आणि तेवढे दिवस आरोपी तुरुंगात काढतो.

मोफत कायदेविषयक मदतीचे ३९ अ हे कलम घटनेत आले १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याला वेळेवर न मिळाल्याचा प्रश्न १९७८ मध्ये होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी गरीब कैद्याला वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या राज्याने खटला भरला, त्यानेच या वकिलाला न्यायालय ठरवील ती वाजवी रक्कम द्यावी, असेही त्यांनी बजावले. वकिलाच्या धर्मबुद्धीवर त्यांनी काही सोडले नव्हते. पुढे विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि अमलात आला नोव्हेंबर १९९५ मध्ये! २०१० च्या विनियमांच्या नावातच ‘मोफत आणि सक्षम’ असे दोन शब्द आहेत. त्यांतला पहिलाच सर्वांच्या लक्षात राहिला.

जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यांत किमान दहा वर्षे वकिली केलेल्यांचाच विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. पण दहा वर्षांत ज्याचे बस्तान बसले, तो या मानधनावर परत येईल कशाला? २०२२ पासून पूर्णवेळ वकिलांची लोक अभिरक्षक कार्यालये निघाली, हे पाऊल योग्यच आहे. तेथे खासगी वकिली करता येत नाही, पण नेमणूक मात्र कंत्राटी. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात आरोपीविरुद्ध उभा राहणारा सहायक सरकारी अभियोक्ता शासनाच्या कायम सेवेत असतो. आरोपीच्या बाजूने उभे राहणाऱ्याला तीच सेवा, तोच पगार आणि तीच बढती का नसावी?